सुमनताई समोर असताना

कोणाचीही कथा हातात आली, की सुमनताई तिचं पहिलं पान काढून बाजूला ठेवायच्या, त्यावर चष्म्याची डबी ठेवायच्या आणि दुसऱ्या पानापासून वाचायला लागायच्या. माझी पहिली कथा त्यांनी अशीच वाचली. त्या पहिल्या पानावरच्या सकाळच्या वर्णनासाठी मी फार मेहनत घेतली होती. तसं मी बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "पहिल्या पानावर माणूस घसा साफ करते वं मंगल. तुही गोष्ट इथून सुरू होऊन राह्यली, पाह्य." घरी येऊन वाचलं, तर गोष्ट खरंच तिथून सुरू होत होती. राग मात्र गेला नाही.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन देऊळगाव राजात राहायच्या. आयुष्यभर मुलांना प्रमाण भाषेत शिकवलं, पण बोलायच्या त्या आपल्या माहेरच्या, अमडापूरच्या वऱ्हाडी बोलीत. दर रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही लिहिण्याचं वेड असलेले चार-पाच जण जमायचो. एकच विषय सगळ्यांनी लिहायचा आणि आपलं लिखाण आपण वाचायचं नाही, ते दुसऱ्यानं वाचायचं, असा तिथला नियम. "आपलं आपण वाचलं का आवाजानं सावरून घेता येते," हे ताईंचं म्हणणं. माझी कथा नेहमी त्याच घ्यायच्या आणि एसटी स्टँडवर गाड्या पुकारतात तशा कोरड्या आवाजात वाचायच्या. त्या वाचनातूनही कोणी हसलं किंवा गप्प झालं, तर ते लिहिलेल्याचं यश. मीही त्यांची कथा तशीच वाचून उट्टं काढायचे.

दिवाळी अंकांच्या स्पर्धा कुठे आहेत, मुदत कधी संपते, हे सगळ्यात आधी ताईंना कळायचं आणि तासाभरात त्या आम्हाला सर्वांना कळवायच्या. कृषी केंद्रवाले रामभाऊ आमच्यातले कवी. त्यांनी एकदा विचारलं, "ताई, आम्हाला सांगून तुमचाच नंबर मागं जातो की!" ताई म्हणाल्या, "मंग? एकटीच पळून पहिली आली तर घरी कोन्या तोंडानं सांगू?"

त्यांना स्वतःचं पुस्तक हवं होतं. बाकी कशाचीच हाव नसलेल्या या बाईला एवढी एक हाव होती आणि ती त्या लपवत नसत. जिल्ह्यातल्या एका साहित्य मंडळानं दरवर्षी एका नव्या लेखकाचा पहिला संग्रह छापायचं ठरवलं, तेव्हा आम्ही दोघींनी कथा जुळवायला घेतल्या. त्याच सुमारास ताईंच्या पोटातल्या गाठीचं निदान झालं. जालन्याला उपचार सुरू झाले. मी माझा संग्रह पाठवला नाही. निदान त्यांचं तरी व्हावं, असं वाटलं.

रामभाऊंकडून त्यांना ते कळलं. डोक्याला रुमाल बांधून, भर उन्हात रिक्षा करून त्या माझ्या घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. "माह्यावर दया करून राह्यली का तू? काऊन? मी मेली का आत्ताच?"

"तसं नाही ताई..."

"मंग कसं? तू बसली घरात आन् मी जिंकली, तं ते माह्या लिहिण्याचं जिंकणं का या गाठीचं?"

दुसऱ्या दिवशी मी संग्रह पाठवला. निवड माझीच झाली.

दोन रविवार ताईंनी फोन उचलला नाही. मग स्वतःच केला. "जळली मी. लय जळली. आता झालं. प्रुफं आली का? घेऊन ये." जालन्याच्या दवाखान्यात एका हाताला सलाईन लावलेली असताना त्यांनी माझ्या पुस्तकाची प्रुफं तपासली. माझ्या एका लाडक्या परिच्छेदावर अशी काट मारली, की नर्सनं हात हलवू नका म्हणून दटावलं.

शेवटची प्रुफं संपली त्या दिवशी त्यांनी विचारलं, "खरं सांग. सासूच्या साड्यांची गोष्ट आपण दोघींनीबी लिहिली. बरी कोनाची?" सासू गेल्यावर तिच्या साड्या सुनांनी वाटून घ्यायच्या, हा आमचा एका रविवारचा विषय. त्यांच्या कथेतली धाकटी सून जुनं पातळ उराशी धरून रडते. त्यांच्या त्या सुकलेल्या चेहऱ्याकडे पाहून खोटं बोलावं, असं फार वाटलं. पण खोटं ऐकायला त्यांनी विचारलंच नव्हतं.

"माझी," मी म्हणाले.

त्या हसल्या. "हाव वं, खरं हाय. माह्या गोष्टीतली सून लय रडते. मी पुन्हा लिहितो."

पुढच्या वेळी गेले, तर दीड पान तयार होतं. अक्षर खाली-वर झालेलं. मी खाटेशेजारी बसून ते कोरड्या आवाजात वाचायला लागले. आता धाकटी सून रडत नव्हती. सगळ्यांदेखत ती सासूचं सगळ्यात जुनं पातळ उचलते, तिथल्या तिथे टराटरा फाडते आणि त्याच फडक्यानं सासूची खोली पुसायला बसते. कोपरान् कोपरा. कोणाला हात लावू देत नाही. एवढंच. माझा आवाज कोरडा राहिला नाही.

"ताई, ही माझ्यापेक्षा चांगली आहे. पुष्कळच."

"माहीत हाय मले," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "आता तुहा नंबर."

त्याच आठवड्यात ताई गेल्या. त्यांचा संग्रह आम्ही सगळे मिळून काढतो आहोत, त्यात ते दीड पान सगळ्यात शेवटी आहे. सासूच्या साड्यांवर मी आजवर कितीतरी वेळा लिहून पाहिलं. नंबर अजून माझाच आहे.