माहेरून आणलेला अर्थ

भाच्याचा फोन आला तेव्हा मी कलबुर्गीत, माझ्या घरी, भाजी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. "देवळातून पोथी वाचून आली, पाणी मागितलं, अन् भिंतीला टेकली..."

महानंदा अक्का माझी थोरली बहीण. तिला जाऊन आता काही आठवडे झालेत, रडूनही झालंय. आता तिची आठवण निघाली की दुःखाआधी अभिमान वर येतो, आणि तो मी लपवत नाही.

आमचं माहेर सीमाभागातल्या जनवाड्याचं, लिंगायत. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि आमच्या वडिलांचे, अप्पांचे दोस्त आले की दखनी उर्दू. संध्याकाळी अप्पा आमच्या संतांची कानडी वचनं म्हणायचे आणि आम्हा दोघींना अर्थ विचारायचे. चुकलं तरी रागवायचे नाहीत. आमच्या घरात सुतक नव्हतं. कुणी जन्मलं, कुणी गेलं, म्हणून पूजा थांबत नसे. सगळीकडं असंच असतं, असं आम्हाला लहानपणी वाटायचं.

अक्का लग्न होऊन खटकचिंचोळीला गेली. भावजींचं अडतीचं दुकान होतं, शेजार सगळा मराठी. सासूबाईंची नजर गेली तेव्हा त्यांना पोथी वाचून दाखवता दाखवता तिला मराठी ओव्यांची गोडी लागली. आवाज मोकळा, आणि अर्थ सांगायची हातोटी अप्पांची. पुढं श्रावणात दुपारी देवळात बायकांसमोर पोथी वाचायला गावानंच तिला बसवलं. ओवी मराठी, पण अर्थ सांगताना मधूनच एखादं कानडी वचन यायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

एका श्रावणात मी तिच्याकडं राहायला गेले होते. गावातल्या सुमनचं तान्हं बाळ त्याच आठवड्यात गेलं होतं. पोथी सुरू झाली तेव्हा ती देवळाबाहेर लिंबाखाली, डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून बसलेली दिसली. अक्कानं वाचन थांबवलं.

"सुमे, बाहीर कामून बसलीस? आत ये."

"सुतक हाय, अक्का."

"पोथी ऐकायलाच आलीस न्हवं? मग ये."

देवळाचा कारभार बघणारे गोविंदकाका ओट्यावर बसले होते. माणूस सज्जन, पण रीतीला पक्का. ते उठून दारात आले. "अक्का, शुद्ध होऊन ऐकावं असं पोथीत लिवलंय. तुम्हीच वाचलंत परवा."

"व्हय काका, वाचलं. पण शुद्ध म्हंजे काय, ते कुठं लिवलंय? आमच्या अप्पांनी सांगितलं, ज्याच्या मनात खोट न्हाई तो शुद्ध. ह्या सुमीच्या मनात काय खोट हाय?"

"हा तुमच्या माहेरचा अर्थ झाला. कानडी."

"माझ्या माहेरचाच हाय," अक्का शांतपणे म्हणाली. "तुमचा तुमच्या घरातून आलाय. पोथीत नुस्ता शब्द हाय, काका."

काका दारातून बाजूला झाले नाहीत. सुमनही जागची हलली नाही... तेव्हा अक्कानं पोथी मिटली, कापडात बांधली, आणि बाहेर येऊन लिंबाखाली सुमनच्या शेजारी बसून पुढची ओवी वाचायला लागली. आम्ही काहीजणी तिच्यामागं बाहेर आलो. बऱ्याच जणी आतच राहिल्या. सुमन पदरात तोंड घालून रडत होती, अक्का वाचत होती.

त्यानंतर वाचन अक्काच्या ओसरीवर व्हायला लागलं. आधी चार-दोन बायका यायच्या. भावजींना दुकानात टोमणे ऐकावे लागले. अक्का मात्र दुपार झाली की सतरंजी अंथरायची. हळूहळू ओसरी भरली, अंगणही भरलं. तिसऱ्या श्रावणात गोविंदकाका स्वतः दारात आले.

"माझा अर्थ मी सोडत न्हाई," ते म्हणाले. "पण देऊळ ओस पडायलंय. या तुम्ही."

"मीबी सोडत न्हाई, काका. अन् सुमी येईल माझ्यासंगं, कवाबी."

"येऊ द्या."

पुढं कितीतरी वर्षं दोघं एकाच देवळात बसले आणि एकेका शब्दावरून भांडले. भांडण संपलं की काका तिला विचारायचे, "तुमचे अप्पा ह्यावर काय म्हणायचे?" अक्काला मळ्यात माती दिली तेव्हा काका काठी टेकत आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काच्या घरी सुमननं पोथी उघडली. काका येऊन ओसरीवर बसले. सुतकाचं नाव त्यांनी काढलं नाही.

गेल्या आठवड्यात मन्नाएखेळ्ळीला, अक्काच्या गावापासून लांब, नात्यात गेले होते. शेजारच्या घरी पोथी होती म्हणून जाऊन बसले. वाचणारी बाई तरुण, माझ्या ओळखीची नाही. शुद्ध होऊन ऐकावं, ती ओवी आली, आणि तिनं अर्थ सांगितला, ज्याच्या मनात खोट न्हाई तो शुद्ध.

आरती झाल्यावर मी तिला विचारलं, "हा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कुणी म्हंजे? आमच्याकडं सगळ्या असंच सांगतात, मावशी. पोथीतच हाय की ते."

मी तिच्या हातून प्रसाद घेतला. अक्का असती तर पोथी उघडून तिच्याशी भांडली असती, दाखव कुठं हाय म्हणून... मी भांडले नाही. बस येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि एकटीच हसत होते.