होल्डचं बटन

कांजूरमार्ग मागे पडलं, गांधीनगरचा नाका आला, तरी दोघांपैकी कोणी रिक्षाचं नाव काढलं नव्हतं. मुलुंडच्या पोलीस ठाण्यातून बाहेर पडताना वनमाला एवढंच म्हणाली होती, "चालूया, भावोजी." तिच्या नवऱ्याचे मित्र गुणाजी परब, त्यांनी का म्हणून विचारलं नाही. हातात पिशवी घेतली आणि चालू लागले.

पिशवीत तिच्या नवऱ्याच्या वस्तू होत्या. घड्याळ, पाकीट, पक्कड, टेस्टर आणि व्होल्टेज बघायचा पिवळा मीटर. चंद्रप्रकाश वायरमन होता. चार महिन्यांपूर्वी मुलुंडमधल्या एका सोसायटीच्या मीटररूममध्ये शॉक लागून तो गेला. आज सही करून वस्तू परत मिळाल्या. हवालदार म्हणाला, "बाई, इथे नाही, खालच्या रेघेवर." वनमालाला ती रेघ दिसली. बाकीचं काही दिसलं नाही.

रडू तिला आलंच नव्हतं. दहाव्यालाही नाही, तेराव्यालाही नाही. संध्याकाळी ती देवापुढे दिवा लावायची, गुरुवार धरायची, सगळं पूर्वीसारखंच. हात आपोआप जोडले जायचे. मागायचं काय, ते मात्र सुचत नसे.

"वहिनी, हा मीटर मी दुरुस्त करून दिला होता," गुणाजी म्हणाले. "त्याच्या आधी आठच दिवस."

"माहीत आहे."

"घरी गेल्यावर लावून बघणार आहे. माझ्या कामामुळे झालं की नाही, ते मला कळायला हवं."

"बघा."

"तुमच्यासमोर बघणार. एकटा बसलो तर स्वतःलाच काहीतरी गोड सांगून मोकळा होईन."

"बरं," वनमाला म्हणाली. समोरून टँकर आला, तो जाईपर्यंत दोघं थांबली, मग पुन्हा चालू लागली.

गुणाजींचं सगळं आयुष्य मीटरशी मीटर ताडून बघण्यात गेलं होतं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा गुणाजी भांडुपच्या एका कारखान्यात चिकटले. तिथे मोजमापाची यंत्रं बनायची आणि यांचं काम नव्या मीटरचा आकडा कारखान्याच्या चांगल्या मीटरशी ताडून बघायचं. बावीस वर्षं एकच टेबल. पुढे तो कारखानाही बंद झाला. निघताना साहेबांनी एक जुना काळा जाड मीटर देऊन टाकला. तोच घेऊन गुणाजी भटवाडीत आपल्या खोलीच्या खिडकीशी दुरुस्तीला बसले. बाजारात पिवळे स्वस्त मीटर आले होते. बिघडले की लोक फेकून देत. गुणाजी फेकू देत नसत.

प्रत्येक मीटरचा स्वभाव त्यांना पाठ असे. दुरुस्त झालेला मीटर ते काळ्या मीटरशेजारी एकाच सॉकेटला लावायचे आणि जो फरक येईल तो पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून मागे डकवायचे. 'दोन जास्त दाखवतो.' 'थंडीत सुस्त.' सेल उतरला की स्वस्तातला मीटर आकडा फुगवून सांगतो. त्याला ते म्हणायचे, "उपाशी माणूस आणि फुशारकी बघा त्याची." फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेला मीटर कोणी आणला की मात्र भडकायचे.

आणि एक नियम होता त्यांचा. पिवळ्या मीटरला एक होल्डचं बटन असतं. दाबलं की आकडा पडद्यावर गोठतो, पुन्हा दाबलं की सुटतो. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मीटरचं हे बटन गुणाजी आतून तोडून टाकत. "गोठलेला आकडा आणि खरा आकडा दिसायला सारखेच. नकोच ती भानगड." चंद्रप्रकाश तेवढा ऐकेना. पन्नाशीनंतर त्याला जवळचं नीट दिसत नव्हतं आणि मीटररूममध्ये असतो अंधार. तो होल्ड दाबून मीटर बाहेर उजेडात आणायचा आणि हात लांब करून वाचायचा. "गुण्या, ठेव रे ते बटन. चष्मा काय नाकावर बसतो घामात?" गुणाजींनी ठेवलं. त्याचं बघून आणखी पाचजणांनी हट्ट केला. त्यांचंही ठेवलं.

भटवाडीत पोचेपर्यंत पाच वाजले. दारातच गुणाजींची बायको कुंदा उभी.

"मुलुंडपासून चालत? एवढ्या उन्हाचं? डोकं ठिकाणावर आहे ना गं तुझं? आणि तुम्ही, ती म्हणाली चालूया की निघालात! रस्ता काय तुमच्या मालकीचा?"

"चहा टाक," गुणाजी म्हणाले.

"टाकते. बस गं. पाय वर घेऊन बस."

वनमाला खाटेवर बसली. पाय दुखत असावेत, पण ते पाय दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे वाटत होते. गुणाजींनी पिवळा मीटर पिशवीतून काढला, फडक्याने पुसला, नवा सेल घातला. काळा मीटर शेजारी ठेवला. एकामागून एक दोन्ही मीटर एकाच सॉकेटला लावले. काळ्यावर दोनशे एकोणतीस. पिवळ्यावर दोनशे एकतीस.

"बरोबर आहे," कुंदा लगेच म्हणाली. "बघा, बरोबर आहे. उगाच चार महिने जीव खाल्लात स्वतःचा."

गुणाजी उठले नाहीत. त्यांनी पिवळ्याच्या वायरींच्या टोकाच्या सळ्या सॉकेटमधून काढल्या. पडद्यावर शून्य आलं. होल्ड दाबला, पुन्हा दाबून सोडवला, सळ्या सॉकेटला लावल्या. दोनशे एकतीस. पुन्हा तेच. कारखान्यात कुठलंही बटन दहादा दाबून बघायची पद्धत होती. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. सहा वेळा आकडा नीट आला.

सातव्या वेळी शून्यच राहिलं.

सळ्या सॉकेटमध्ये होत्या. बटन वर आलेलं दिसत होतं. पडद्यावर शून्य, म्हणजे वीज नाही.

"आत सुटलेलं नाही," गुणाजी हळू म्हणाले. "वरून सुटल्यासारखं दिसतंय. कोपऱ्यात होल्डचा बारीक एच येतोय, तो बघा. चंदूला तो दिसायचा नाही." मग म्हणाले, "त्याचं मूळ बटन तुटलं होतं, वहिनी. हे मी एका भंगार मीटरचं काढून बसवलं. दाबून बघितलं होतं. तीनदा."

कुंदाच्या हातातला कप तसाच राहिला. वनमाला शून्याकडे बघत होती. आता आपल्याला काहीतरी वाटेल, असं तिला वाटलं. राग येईल. तिने वाट बघितली. खाली कोणीतरी बादली सरकवली. चहावर साय धरली होती. राग आला नाही.

"बाकीचे पाच?" तिने विचारलं.

गुणाजींनी चमकून वर बघितलं. मग मोबाइल घेतला आणि त्या पाचांतल्या केतनला लावला. कानाने कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा.

"केतन, तुझा मीटर परत आणून दे. आजच्या आज."

"का हो काका? झकास चाललाय."

"होल्डचं बटन काढायचंय."

"आता काय झालं? परत तुमचं ते सुरू झालं ना? काका, अख्ख्या घाटकोपरात तुम्ही एकटे त्या बटनाच्या मागे लागलाय. मी साइटवर आहे, यार. नंतर बघू."

"अरे, ऐक तरी..."

फोन कट झाला. गुणाजींनी पिवळ्या मीटरचा सेल काढला, सळ्यांच्या वायरी गुंडाळल्या आणि तो काळ्या मीटरशेजारी ठेवला. मागच्या चिकटपट्टीवर काही लिहायला पेन उचललं, पण तसंच खाली ठेवलं.

"वहिनी, तुमच्याकडे मागायचं तोंड नाही मला," ते म्हणाले. "पण पाचही जण असंच बोलणार. म्हातारा सटकला म्हणतील. तुम्ही उद्या माझ्याबरोबर याल? काही बोलू नका, काही सांगू नका. मी मीटर मागेन तेव्हा नुसत्या माझ्या शेजारी उभ्या राहा."