कणांचे कोट

आमचे मेहुणे शास्त्रज्ञ आहेत. सासुरवाडीला हे इतक्या वेळा ऐकलं, की सासऱ्यांना एक थोरली मुलगीही आहे आणि ती माझी बायको आहे, हे कधी कधी मीच विसरायचो.

मेहुणे लोखंडाचे कण बनवतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. ते कॅन्सरच्या गाठीत सोडायचे, बाहेरून चुंबकाची शक्ती उलटसुलट फिरवायची, की कण तापतात आणि गाठ आतल्या आत भाजून निघते. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना लेप देतात. मेहुणे त्याला कोट म्हणतात. एका वर्षी साखरेचा कोट, मग काचेचा, मग पुन्हा साखरेचा, पण पातळ. प्रत्येक कोटावर एक निबंध, प्रत्येक निबंधामागे एक परदेश दौरा. कोट शिवता शिवता मेहुणे प्रोफेसर झाले. कण अजून उंदरांतच होते.

मग माझ्या बायकोच्या छातीत गाठ निघाली. सर्जन म्हणाले, लवकर काढून टाकू. ही म्हणाली, "घरचा भाऊ असताना मी सुरी कशाला लावून घेऊ?" तिनं तारीख पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. मी ओरडलो, हातापाया पडलो. शेवटी मेहुण्यांनाच जेवायला बोलावलं. गाठीचं त्यांना ठाऊक होतं, ढकललेल्या तारखांचं नव्हतं.

मेहुणे बसल्या बसल्या नव्या कोटाचं कौतुक सांगू लागले.

"मग मला कधी टोचतोस?" हिनं विचारलं.

मेहुण्यांचा हात ताटातच राहिला. "तुला? ताई, अगं, लेपाची स्थिरता, मग मात्रा, मग..."

"सरळ बोला!" मी खेकसलो.

ते खाली बघत म्हणाले, "रक्तातून सोडले तर बहुतेक कण यकृतात जाऊन बसतात. गाठीतच टोचले तर हवे तसे तापत नाहीत."

"पण तू तर म्हणाला होतास, झाल्यातच जमा आहे!"

"निधी मिळवायला तसं म्हणावं लागतं गं. सवय लागलीय."

"माझ्याशी बोलतानासुद्धा?"

मेहुणे हळूच म्हणाले, "ऑपरेशन करून घे, ताई. तेच खात्रीचं. तारीख कधीची आहे?"

"दोन होऊन गेल्या," ही म्हणाली. "तुझ्यासाठी थांबले होते."

मेहुणे रडायला लागले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.