सीतारामांच्या फोटोवरचं पदक

रिअर ॲडमिरल हर्षवर्धन तांबे, निवृत्त, यांनी आयुष्यात एकही तोफ डागली नाही. पण परळच्या चाळीला हे सांगायचं कोणी? चाळीच्या लेखी साहेबांनी निदान चार बोटी बुडवल्या होत्या आणि पाचवीचं ते विनयापोटी बोलत नव्हते. खरं म्हणजे साहेब इंजिनिअर. सारी हयात जहाजाच्या पोटात, तेलकट अंधारात गेली. समुद्र बघायचा तर शिडी चढून वर यावं लागे, आणि वर आले की खाली हमखास काहीतरी गळायला लागे.

नौदलात त्यांचं नाव झालं ते एका पान्यामुळे. युद्धनौका सुटायच्या घटकेला इंजिनरूममधला एक पाना मोजणीत कमी भरला. हत्यार हरवलेलं असताना इंजिन चालू करायचं नाही, हा नियम. वर कॅप्टन ओरडतोय, धक्क्यावर बँडवाले वाजवून वाजवून दमलेत, आणि तांबे ढिम्म. शेवटी पाना भटारखान्यात सापडला; आचारी त्याने नारळ फोडत होता. त्या दिवशी तांब्यांना शिव्या पडल्या आणि यथावकाश पदकही मिळालं.

निवृत्तीनंतर आईकडे चाळीत राहायला आले तरी खोड तीच. एकदा पाण्याच्या पंपाचा बोल्ट गायब दिसला म्हणून त्यांनी पंप चालूच करू दिला नाही. भर दुपारपर्यंत बायका रिकाम्या बादल्या घेऊन त्यांच्या कर्तबगारीचा उद्धार करत होत्या.

यंदा जयंतीच्या उत्सवात चाळीच्या मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. पुतणी अक्षता मंडळाची सेक्रेटरी. तिने लावलेल्या बॅनरवर काका पाणबुडीच्या टपावर उभे होते, मागे आगीचे लोळ.

"अगं, ही पाणबुडी आपली नाही," साहेब म्हणाले.

"काका, आपली फोटोत नीट येत नव्हती. काळी आहे ना."

प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांचे जुने वरिष्ठ येणार होते. हे व्हाइस ॲडमिरल गर्दीतून तिरकं बटण हेरण्यासाठी प्रसिद्ध. तेव्हा पदकांत चूक म्हणजे संध्याकाळची शोभा. पदकं असत आईकडे, कारण कमळाबाईंचा बँकेच्या लॉकरवर काडीचा विश्वास नव्हता. साहेबांनी ब्लेझर चढवला, आईच्या लोखंडी कपाटातली डबी उघडली आणि पदकं मोजली. सगळी पदकं एका पट्टीवर शिवलेली, आणि मधोमध पडलेल्या दातासारखी फट.

"आई, एक पदक हरवलंय."

"हरवंल कशाला? ते काय तिथं."

भिंतीवर वडिलांचा, सीतारामांचा, फोटो होता. त्याच्या काचेवर, बरोबर छातीच्या जागी, पदक चिकटपट्टीने लावलेलं. कमळाबाईंनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या होत्या. त्यांनी ते असं सफाईने उसवलं होतं की शेजारच्या पदकाचा धागासुद्धा हलला नव्हता.

मागच्या महिन्यात त्यांनी एकेक पदक हातात घेऊन विचारलं होतं, हे कशाचं, ते कशाचं. या पदकापाशी हर्षवर्धन म्हणाले होते, तीस वर्षं नोकरी केली त्याचं. "नुसती केली म्हणून?" "नुसती केली म्हणून." तेव्हा आईने ते पदक पुन्हा एकदा उलटून पाहिलं. लेकाला वाटलं, भारावली.

"तुझा बाप गिरणीत राबला," कमळाबाई आता म्हणाल्या. "त्याला काय दिलं? गिरणीला टाळं."

"आई, सरकारी पदक आहे ते. असं दुसऱ्याला लावता येत नाही." साहेब म्हणाले. आणि मग त्यांच्यातला इंजिनिअर नको तिथे जागा झाला. "शिवाय बाबांची तीस भरत नाहीत. अठ्ठावीस होतात. मग संप झाला."

बोलून गेले आणि त्यांना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

कमळाबाई काही चिडल्या नाहीत. "संपात दोन वर्षं रोज सकाळी डबा भरून देत होते मी. त्याशिवाय त्याला घरात बसवत नव्हतं. डबा घ्यायचा, बंद गेटापर्यंत जायचा, परत यायचा आन इथंच खायचा. ती दोन धर."

साहेबांनी फोटोकडे पाहिलं. बाबा डबा घेऊन बाहेर पडताना त्यांनी लहानपणी रोज बघितले होते. तेव्हा त्यांना वाटायचं, बाबा कामाला चाललेत. त्यांनी चिकटपट्टीचं सुटलेलं एक टोक अंगठ्याने नीट दाबून बसवलं आणि फट असलेली पट्टी छातीला लावून खाली उतरले.

मंडपात व्हाइस ॲडमिरलनी हात मिळवला आणि तो सुटायच्या आत त्यांची नजर छातीवर गेली. "तांबे, एक कमी आहे."

"नाही सर. मोजून आलोय. पूर्ण आहेत," तांबे म्हणाले, आणि अक्षताला त्यांनी कार्यक्रम सुरू करायला सांगितलं.