चार बॉक्स कमी केल्यावर

वैशाख वद्य तृतीया, बुधवार. घाटनांदूरला आमच्या ओसरीत माझ्या मुलीच्या लग्नाची बैठक. रक्कम अठ्ठावीस हजार, डीजेची, मुलीकडच्यांनी द्यायची. हजर: मुलाचे वडील, मुलाचा मामा, डीजेवाला, माझे थोरले भाऊ आणि मी.

दादांचा डावा कान लहानपणीच फुटून गेला. सगळं चालतं ते उजव्यावर, आणि तो मोठ्या आवाजापासून जपायला डॉक्टरांनी बजावलेलं. पण वरात मांडवाच्या दारात आली की व्याह्यांच्या भेटी होतात, आणि आमच्याकडे पहिली भेट घरातल्या थोरल्याची. म्हणून मी डीजे नको म्हणालो.

"पाव्हणं, लगीन हाय का दहावं?" मामा म्हणाला. सगळे हसले. दादाही हसले.

डीजेवाल्यानं तोड काढली. "आठ बॉक्स हायती, चारच लावतो. आवाज निम्मा. मंग तर झालं?" पैसे मात्र निम्मे होणार नाहीत, हेही त्यानं लगेच सांगून टाकलं.

मला हिशेब पटेना. माझा एक मित्र कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. त्याच्याकडून आवाज मोजायचं यंत्र मागून आणलं. तो म्हणाला, "डेसिबल रुपयासारखे मोजू नको बे. बॉक्स निम्मे केले तर तीनच उतरतात. कानाला निम्मा वाटायला दहा उतरावे लागतात. त्यापेक्षा लांब उभं राहा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की सहा उतरतात. पंच्याऐंशीला माणूस दिवसात आठ तास काढू शकतो, पुढं दर तीनाला वेळ निम्मा."

मी कागदावर मांडून पाहिलं. शंभरला पाव तास. एकशे सहाला चार मिनिटंसुद्धा नाहीत.

लग्न परळीला होतं. कार्यालयासमोर डीजेची गाडी लागली तेव्हा भेटीच्या जागी उभा राहून मी यंत्र धरलं. चार बॉक्सवर एकशे सहा. म्हणजे आठ लावून एकशे नऊ झाले असते. एवढ्या तीनाचा उपकार तो माणूस बैठकीपासून मिरवत होता. त्याला आकडा दाखवला, तर तो स्वतःचा फोन घेऊन बॉक्सच्या मागं गेला. "हे बघा काका, एक्क्याण्णव. तुमचं मशीनच खराब हाय." फोनचा माइक त्याच्यावर चढतच नव्हता, आणि आम्ही उभे राहणार होतो बॉक्सच्या पुढं.

मी मामाला म्हणालो, "भेटीपुरता तरी बंद करा."

"दोन मिनटात कान काय गळून पडतो का ओ?" असं म्हणून त्यानं गाडीकडं बघून आवाज वाढवायची खूण केली.

यंत्रात एकशे बारा. शेजारच्या दुकानाचं शटर थरथरत होतं. जनरेटरचा धूर, गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि प्रत्येक ठोक्याला माझ्याच बरगड्या आतून कुणी बडवतंय असं वाटत होतं. मी दादांना मागं ओढलं.

"पोरीचं काम हाय," ते माझ्या कानाशी ओरडले. "भेट चुकवायची न्हाई."

त्या आकड्याला मिनिटभरही फार. मामानं दादांना मिठी मारली, सोडलं नाही आणि फोटोवाल्यासाठी तसंच धरून नाचवत ठेवलं. दादांचा उजवा कान बॉक्सकडे. सहा मिनिटं. लोक शिट्ट्या मारत होते.

मंगलाष्टकांना दादा माझ्या शेजारी उभे होते. 'सावधान' झालं की बाजूच्यांच्या हाताकडे बघायचे आणि मग अक्षता टाकायचे. जेवताना मी दोनदा हाक मारली. त्यांनी पानातून मान वर केली नाही.

आज-उद्या बधिरपणा उतरेल म्हणून तीन दिवस थांबलो आणि अंबाजोगाईला नेलं. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता जे ऐकू येईल ते यंत्रातूनच.

डीजेवाल्याला अठ्ठावीस हजार, पुरते, लग्नाच्याच संध्याकाळी. थुंकी लावून मोजून घेतले. कानाच्या यंत्राच्या दुकानदाराला साडेएकतीस हजार, मी दिले. मामाकडून काही आलं नाही.