माझ्या रानात येऊ का?

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. दूध संपलं म्हणून सकाळी गावातल्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात गेले, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. भडक नारिंगी जाकिटं घातलेली माणसं कॉफीच्या यंत्रापुढे रांग लावून उभी होती. कुणी पहाटेपासून रानात बसून आलेलं, कुणी आता निघालेलं. हरणाच्या शिकारीच्या मोसमाचा हा पहिला दिवस. आमच्या स्टेट कॉलेज गावाबाहेरच्या या डोंगराळ पट्ट्यात तो सणासारखा पाळतात. दुकानभर ओल्या लोकरीचा वास होता आणि त्यात मिसळलेला बंदुकीच्या तेलाचा, किंचित गोडसर, धातूच्या थंडपणाचा वास. तो नाकात शिरला आणि मी दुधाची बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. वीसेक वर्षांपूर्वी बंदुकीचं नाव काढलं तरी माझ्या कपाळावर आठी पडायची. आता त्या वासाने मला माझ्या शेजारणीची आठवण होते आणि मान उगाचच ताठ होते.

आम्ही इथे घर घेतलं ते घरासाठी नव्हे, मागच्या रानासाठी. चढणीवर पसरलेलं ओक आणि मेपलचं रान, मधून एक बारीक ओढा. कागदावर नाव एकट्या माझं लागलं. नवऱ्याने विद्यापीठात जन्मभर गणित शिकवलं, त्याला जमिनीचं सोयरसुतक नाही. हौस माझी, कमाई माझी, तर नावही माझंच, असं त्यानेच सुचवलं. सही करण्याआधी मी तो कागद तीनदा वाचला. सर्जन म्हणून जन्मभर शेकडो कागदांवर सह्या केल्या होत्या, हा कागद वेगळा होता. आमच्या सांगलीकडे जमिनीच्या कागदावर बायकांची सही लागते, नाही असं नाही, पण ती हक्क सोडताना. वडील गेले की बहिणींनी भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायची, ही रीत. माझ्या आईने दिली, दोन्ही मावश्यांनी दिली. देशील का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं होतं. त्यामुळे आपल्या नावाचं रान ही काय चीज असते हे मला ठाऊक नव्हतं. ते शिकवलं शेजारणीने.

आम्ही राहायला आलो त्याच नोव्हेंबरात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. उंच, हाडापेराने मोठी, पांढऱ्या केसांची वेणी घातलेली बाई. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, नवरा आधीच गेलेला. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. आपल्याकडे असती तर मी तिला मावशीच म्हटलं असतं. तिने टोपी काढली आणि विचारलं, ‘‘शनिवारी तुमच्या रानात शिकारीला येऊ का?’’ बंदूक, शिकार, रक्त हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेलं. पण तिचं जन्मापासूनचं घर शेजारी, आणि हे रान एके काळी तिच्याच वडिलांचं होतं, हे आम्हाला कळलेलं होतं. तेव्हा मी सांगलीच्या रीतीने तोंड भरून म्हटलं, ‘‘अहो, त्यात विचारायचं काय? तुमचंच समजा.’’ तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, टोपी घातली आणि निघून गेली.

शनिवारी सकाळभर तिचा ट्रक तिच्या अंगणातून हलला नाही. आजूबाजूच्या डोंगरांवर बार वाजत होते, आमच्या रानात मात्र चिडीचूप. नवरा म्हणाला, ‘‘तुझं इंग्लिश ऐकून हरणांनीच तिला कॉल करून कॅन्सल केलं असेल.’’ सोमवारी मला राहवेना. दिवाळीचा उरलेला चिवडा डब्यात घातला आणि तिच्याकडे गेले. बरं नाही का, विचारलं. ती म्हणाली, ‘‘बरी आहे. पण तू हो म्हणाली नाहीस.’’ मी चाट पडले. मी तर सगळं रान तिच्या ओटीत घातलं होतं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘ते माझं नाही. माझ्या वडिलांनी विकलं, तू घेतलंस. मी तुला विचारलं, आणि तू उत्तरच दिलं नाहीस. सगळं तुझंच आहे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे हे कळत नाही. हो म्हणणाऱ्याचं कळतं.’’

मला आधी रागच आला. एवढ्या अगत्याने बोललेलं, त्याची ही किंमत! घरी येताना वाटेत मात्र पाय मंदावले. लहानपणी ज्या रानात ती खेळली, ज्या ओढ्यात मासे धरले, त्या रानाच्या कडेला ती एका परक्या बाईच्या एका शब्दासाठी थांबली होती, मोसमाचा पहिला दिवस घालवून. आणि ती परकी बाई म्हणजे मी. आयुष्यात कुणी माझ्या मालकीला इतका मान दिला नव्हता. मी अर्ध्या वाटेतून परत फिरले, तिच्या दाराशी जाऊन स्पष्ट म्हणाले, ‘‘हो. माझ्या रानात ये.’’ ती हसली आणि म्हणाली, ‘‘थँक यू, मॅडम.’’ तो मॅडम मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर दर नोव्हेंबरात ती येत राहिली. तीच टोपी, तोच प्रश्न, आणि माझा तोच एका शब्दाचा होकार. मैत्री मात्र झाली ती अवजारांवरून. एकदा ती हरणाचं मांस घेऊन आली. आमच्याकडे ते कोण खाणार, पण देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी ते चिरायला घेतलं, आणि माझी सुरी पाहून तिने डोक्याला हात लावला. सेलमध्ये आणलेली, पात्याला पातळ, दांड्यात हलणारी. ‘‘इतकी वर्षं माणसं कापलीस, ती काय असल्यानं?’’ असं तिने विचारलं. तेव्हा मी कपाटातून माझी जुनी कात्री काढून दाखवली. निवृत्त होताना घरी आणलेली, बरोबर माझ्या बोटांच्या मापाची. तिने ती उघडली, मिटली, कानाशी नेऊन तिचा आवाज ऐकला. मग उठून घरी गेली आणि आपली रायफल घेऊन आली. काडतूस आत सरकवणारा बोल्ट उघडा ठेवून, आत काडतूस नाही हे मला बोट घालून बघायला लावून, तिने ती माझ्या टेबलावर पसरलेल्या टॉवेलावर ठेवली.

अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, गालाला लागून लागून एका जागी काळसर तुकतुकीत झालेला. बोल्ट मागे ओढला तर नुसता सुळकन आला, कुठे खरखर नाही. तिच्या आईची रायफल, आईनंतर तिची. ती नळीतून कापड फिरवू लागली आणि स्वयंपाकघरात तेलाचा तो वास पसरला. मला हत्यार बघायला नको वाटत होतं, आणि कारागिरीवरून नजरही हटत नव्हती. चांगलं अवजार माणसाला लबाडी करू देत नाही, असं ती म्हणाली; नेम चुकला तर चूक आपलीच, बंदुकीवर ढकलता येत नाही. हे वाक्य मी माझ्या हाताखालच्या कितीतरी शिकाऊ डॉक्टरांना कात्रीबद्दल सांगितलेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्या दिवसापासून माझ्या सुऱ्यांना धार तीच लावून देऊ लागली.

म्हणून आमचं सगळं पटत होतं असं नाही. मी तिला सांगितलं होतं की मी माणसांच्या पोटातून गोळ्या काढल्यात, त्यातल्या काही लहान मुलांच्या. घरात काय ठेवायचं हे सरकारने मला सांगू नये, असं ती म्हणे. आणि काही जणांना कुणीतरी सांगायलाच हवं, असं मी. दोघीही हट्टी, चहा गार होईपर्यंत भांडायचो. पण एक गोष्ट मी पाहिली होती. तिच्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात असायची, पाहुणे आले तरी आणि झोपतानाही. स्वातंत्र्य हवं असेल तर त्याची किल्ली आपल्याच गळ्यात वागवायची, दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची नाही, हे तिचं म्हणणं. कायद्यांबद्दलचं तिचं मत मला आजही पटत नाही. त्या किल्लीला मात्र मी मानते. दिवाळीला आमच्याकडे जेवायला येणारी विद्यापीठातली मराठी मुलं विचारतात, ‘‘काकू, आजूबाजूला सगळे गनवाले, स्केअरी नाही वाटत?’’ मी म्हणते, वाटतं रे. पण सगळ्यांचं नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर शेजारणीची मुलगी माझ्याकडे आली. पिट्सबर्गला असते, शाळेत शिकवते, शिकारीच्या वाटेला कधी गेली नाही. आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला आजार लागला होता, मधोमध धूसर डाग पडला होता. शिकारीला जाऊ नकोस म्हणून सांगून मुलगी दमली होती. खुर्चीच्या कडेवर बसून ती म्हणाली, ‘‘आमचं ती ऐकत नाही. पण या वर्षी ती विचारायला आली की तुम्ही फक्त नाही म्हणा. तुमची जमीन आहे. कारणही द्यावं लागणार नाही. तुम्ही नाही म्हटलंत तर ती पाऊल टाकणार नाही.’’ तिचे डोळे भरले होते. नवरा म्हणाला, ‘‘अगं, म्हणून टाक ना नाही. सेफ्टीचा प्रश्न आहे, यात विचार काय करायचा?’’

मी पुष्कळ विचार केला. दोघांचंही चूक नव्हतं. डॉक्टर म्हणून मला त्या मुलीची भीती कळत होती, आणि एका शब्दात ती भीती मिटवणं माझ्या हातात होतं. पण मीही एकदा अशी थांबले होते. एका सकाळी गाठ मारताना माझ्या करंगळीत बारीकसा कंप आला. कुणाच्या लक्षात आला नव्हता, येण्यासारखा नव्हताच. ती शस्त्रक्रिया मी नीट पुरी केली, हातमोजे काढले आणि वरिष्ठांना जाऊन सांगितलं की यानंतर नाही. मला कुणी थांबवलं नाही, मी थांबले. साऱ्या नोकरीत मी कमावलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला ती वाटते. मागल्या दाराने कुणी माझं नाव शस्त्रक्रियेच्या यादीतून काढलं असतं, तर मी आजही कुठेतरी बसून माझा हात कसा ठीक होता हे लोकांना सांगत राहिले असते.

ती आली, टोपी काढली, प्रश्न विचारला. मी तिला आत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. ‘‘तुझी लेक मला नाही म्हणायला सांगून गेली आहे. मी लपवणार नाही. जमीन माझी आहे, जमिनीपुरतं माझं उत्तर हो आहे. डोळा तुझा आहे. त्याचं उत्तर तू दे, पण खरं दे.’’ मग मी तिला माझ्या करंगळीचं सांगितलं, जे नवऱ्यालाही तोवर नीट सांगितलेलं नव्हतं. तिने टोपी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, ‘‘हरणाच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे मला आईने शिकवलं. ते मी कधी मोडलेलं नाही.’’ एवढं बोलून ती उठली.

त्या शनिवारी मी पहाटेपासून खिडकीत होते. आयुष्यात इतका घाबरट होकार मी दिला नव्हता. दूरच्या डोंगरावर बार झाला की मी काचेला नाक लावून बघायचे. आमच्या रानातून मात्र काही आवाज आला नाही. ऊन वर आलं तशी ती झाडांतून येताना दिसली. बोल्ट उघडा, नळी जमिनीकडे, पावलं सावकाश. दाराशी येऊन तिने रायफल भिंतीला टेकवली आणि म्हणाली, ‘‘मोठा नर होता. शिंगं दिसली. समोर उभा राहिला होता, अगदी निवांत. मागे काय होतं ते दिसलं नाही.’’ मग म्हणाली, ‘‘झालं माझं.’’

मी आलं घालून चहा केला. तिने दोन्ही हातांनी कप धरला. ती रडली नाही, मीच रडले, आणि त्याबद्दल तिने मला दटावलं. मग ती म्हणाली, ‘‘तू नाही म्हणाली असतीस तर मी ऐकलं असतं. आणि मरेपर्यंत मला वाटत राहिलं असतं की मला अजून दिसतं.’’ तिने लगेच मुलीला फोन लावला, माझ्यासमोर. फोनवर पलीकडे मुलगी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. शेजारीण तिला एवढंच म्हणत होती की रायफल घ्यायला ये, आणि आधी तिला तेल कसं द्यायचं ते शिकून घे.

वय माणसाकडून एकेक गोष्ट मागून घेतं, हे आम्हा दोघींनाही आता पक्कं ठाऊक झालंय. बहुतेकांच्या हातून ती ओढून घेतली जाते. पोरं घेतात, डॉक्टर घेतात, कधी नुसती एखादी सही घेते. माझ्या आईला जे कधी मिळालं नाही ते मला इथे, या परक्या मुलखात मिळालं: नाही म्हणायचा अधिकार. लोकांना वाटतं की मालकीचा सारा अभिमान त्या नाहीमध्ये असतो. माझा अभिमान वेगळ्या गोष्टीचा आहे. माझ्याकडे तो शब्द होता, वापरला असता तर कुणी मला नावं ठेवली नसती, आणि मी तो वापरला नाही. माझ्या नावावरच्या रानात एका बाईने आपली बंदूक आपल्या हाताने खाली ठेवली.