चौथं ताट

संगमनेरला अपूर्वाच्या घरी माझ्यापुढे कागदी कप ठेवला. बाकी सगळ्यांना चिनी मातीच्या कपात चहा. मी म्हटलं, कप कमी पडले असतील. मग समोर शोकेसमध्ये दिसले. उपडे घातलेले, अख्खा सेट.

अपूर्वा माझी डब्लिनची रूममेट. मी तिथं नर्स आहे, ती शिकतेय. घरात आम्ही चौघी. आम्ही दोघी नगर जिल्ह्याच्या, चिओमा नायजेरियाची, लुईझा ब्राझीलची. सुट्टीच्या दिवशी मी सगळ्यांसाठी येसूर आमटी करायची. येसूर म्हणजे आमच्याकडचा धान्य आणि मसाले भाजून दळलेला मसाला, नेवाशाहून आई करून देते. चिओमा टोमॅटोचा तिखट भात करायची, लुईझा काळ्या घेवड्याची उसळ. चौघी एकाच पातेल्यातून वाढून घ्यायचो. अपूर्वाला तर दम निघायचा नाही. ओट्याशी उभी राहून पातेल्यातच भाकरी बुडवायची. म्हणायची, तू नसतीस तर मी इथं उपाशी मेले असते. तापाने फणफणली तेव्हा मी तिला आमटी-भात भरवला होता. बहीण म्हणायचे तिला. अगदी मनापासून.

मी गावी निघाले तर तीच म्हणाली, आमच्या घरून मसाला घेऊन ये. म्हणून गेले.

तिच्या आईंनी आधी गाव विचारलं, मग आडनाव. मी म्हणाले, आम्ही ख्रिस्ती.

"ते झालं गं. पन मूळचे कोन?"

मी सांगितलं. त्यात लपवायचं काय? आमचं घर गावकुसाबाहेरचं. पणजोबांनी धर्म बदलला, गावाची नजर काही बदलली नाही. बाई उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. तोच तो कागदी कप.

मग त्यांनी अपूर्वाला व्हिडिओ कॉल लावला. मसाल्याची पिशवी माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "हे तुज्या सामानात मिसळू नको बरं का. आमची अपू सांगती, तितं तुमचं वेगवेगळं हाय. ती तिचं करून खाती."

मी स्क्रीनकडे बघितलं. वाटलं, आता ही बोलेल. अपूर्वाने खाली बघितलं. म्हणाली, "हो आई, वेगळंच आहे."

तिच्या मागं ओट्यावर माझं पातेलं दिसत होतं.

लाज वाटली. त्यांना नाही, मला! पिशवी उचलली, चहा तसाच ठेवून निघाले. एसटीत नेवाशापर्यंत रडत होते. घरी आई माझ्यासाठीच येसुराचं धान्य भाजत होती. सगळं सांगितलं. तिचं उलथणं काही थांबलं नाही.

"जाऊ दे," म्हणाली. "भ्याली आसंल पोरगी आईला. तू नको मनाला लावून घिऊ."

तिथं माझं डोकं फिरलं. आईवर नाही, त्या 'जाऊ दे'वर. आजीही हेच म्हणायची. आता मीही म्हणायचं? माझ्या मुलीनेही?

डब्लिनला आल्यावर पिशवी जशीच्या तशी अपूर्वाच्या हातात दिली. चोर नाही मी. ती गळ्यात पडायला आली, मी मागं सरकले. आई जुन्या वळणाची आहे म्हणाली, मी थोडीच मानते म्हणाली. मी आमटी टाकली. आमटी उकळेपर्यंत चिओमाला आणि लुईझाला सगळं सांगितलं, तिच्यासमोर. लुईझाला आधी कळेचना. चिओमाला लगेच कळलं. मग मी तीन ताटं काढली.

"माझं?" अपूर्वा म्हणाली.

"आईला फोन लाव. कॅमेरा चालू ठेव. हिच्या हातचं खाते म्हणून सांग. मग काढते."

फोन हातात घेऊन ती उभी राहिली. आमचं जेवण होत आलं, तरी उभीच. मग खोलीत निघून गेली.

तो फोन तिने अजून लावलेला नाही. परवा ओट्याशी येऊन हळूच म्हणाली, नुसती वाटीभर दे ना. जीव कळवळला माझा, खोटं कशाला बोलू? पण दिली नाही. उपाशी नाही ठेवत मी तिला. तिच्या आईचा मसाला आहे तिच्याकडे, तिने करून खावं. माझ्या पातेल्यातलं हवं असेल तर ते तिकडं संगमनेरात तोंडाने सांगायचं. चोरून खाणाऱ्यांसाठी मी यापुढे रांधणार नाही.